मिन्नल मुरलीचा दुसरा भाग कोकणात घडला तर? (रहस्यभेद आहे)

सड्यावरचा

आधी इशारा. 'मिन्नल मुरली' हा मल्याळम सुपरहिरो सिनेमा पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा, शेवटासकट सगळं फोडणार आहे. २४ डिसेंबर २०२१ला नेटफ्लिक्सवर आला, हिंदी डबिंगही आहे, त्यामुळे 'मल्याळम कळत नाही' ही सबब चालणार नाही.

नाताळच्या सुट्टीत गावी पोरांना घेऊन चौथ्यांदा बघत होतो. शेवटची मारामारी सुरू झाली आणि लाईट गेली. आमच्याकडे ती अशाच वेळी जाते. अंधारात डास मारत बसलेलो असताना पुतण्या म्हणाला, "काका, दुसऱ्या भागात काय होईल?" रात्री दीडपर्यंत तेच चाललं, म्हणून हा धागा.

थोडी उजळणी. एकाच रात्री, एकाच गावात, दोघांवर वीज पडते. एक जेसन, शिंपी (टोव्हिनो थॉमस). दुसरा शिबू, चहाच्या टपरीवर राबणारा (गुरू सोमसुंदरम). ताकद दोघांनाही येते. एक हिरो होतो, दुसरा व्हिलन. पण शिबूला गावाने कधी आपलं म्हटलंच नाही. तो बाहेरचा, तो येडा. त्याच्या हातचा चहा प्यायचा आणि त्यालाच हसायचं. ज्या उषेसाठी तो वर्षानुवर्षं थांबला तीही आगीत जाते. दिग्दर्शक बसील जोसेफने हे असं दाखवलंय की शेवटी टाळ्या वाजवताना हात जरा अडखळतात. निदान माझे अडखळले.

आता नेटवर लोक दुसरा भाग कसा रचतात ते वाचा. परग्रहावरून फौज येते. दुबईत इमारती पडतात. दहा हिरो एकत्र उभे राहून आकाशाकडे बघतात. अरे, हा शिंपी आहे! पहिल्या मास्कसाठी त्याने घरातलं कापड तोंडाला गुंडाळलं होतं.

माझी कल्पना: पहिल्या भागात जेसनला अमेरिकेला जायचं असतं. दुसऱ्या भागात तो खरंच निघतो आणि पोचतो सावंतवाडीला.

सिनेमा नव्वदच्या दशकातला. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ला सुरू झाला. तर साल १९९८, पहिलाच पावसाळा. मुंबईहून विमान पकडायला केरळातून निघालेला जेसन, कोकणात दरड कोसळून गाडी अडलेली. उतरून लोकांना मदत करण्याच्या नादात त्याची बॅग, पासपोर्ट, पैसे सगळं जातं. एक लांबचा काका दोडामार्गाकडे रबराच्या बागेत असतो, त्याच्याकडे तो जातो. भाषा येत नाही, मुंडू नेसतो, गाव त्याला 'मद्रासी' म्हणतं.

म्हणजे दुसऱ्या भागात हिरोच शिबूच्या जागी उभा. माझ्याकडे आहे ते एवढंच. बाकीचं तुम्ही भरा.

तिरफळ

वाचतेय! कल्पना झकास. पण बिजीचं काय केलंत? ब्रूस ली बिजी, कराटे शिकवणारी आणि ट्रॅव्हल एजन्सी चालवणारी. पहिल्या भागातलं सगळ्यात शहाणं माणूस तीच, आणि तिला पडद्यावर मिळालेला वेळ बघा. हे तिकीट तिनेच काढून दिलेलं असलं पाहिजे. आणि दोघांचं लग्नबिग्न नको. दुसरा भाग आला की दिग्दर्शकांना लग्न लावायची घाई सुटते.

पाऊसमापक

दरडीपर्यंत ठीक आहे, पण वीज कधी पाडणार आहात? सिनेमात वीज नाताळच्या आदल्या रात्री पडते. केरळात ते खपून जातं, कारण तिथे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत परतीच्या वाऱ्यांचा पाऊस असतो, तुलावर्षम म्हणतात, आणि तो गडगडाटीच असतो. आपल्याकडे डिसेंबरात आंब्याला मोहोर यायची वाट बघतात. वीज पडली तर बागायतदार आधी देवाला कौल लावतील, मग सुपरहिरोकडे बघतील.

आणखी एक. हिंदी सिनेमावाले जुलैच्या धो धो पावसात विजा दाखवतात. कोकणात राहिलेल्याला विचारा. जुलै-ऑगस्टात पाऊस आठ-आठ दिवस लागून राहतो पण गडगडाट फारसा नसतो. खऱ्या विजा मे अखेर ते मृगाची सुरुवात, आणि मग ऑक्टोबरात पाऊस परत जाताना, भातकापणीच्या तोंडावर. कापणीच्या दिवसांत दुपारी तीन-चारला ढग काळे झाले की आमची आजी विळा शेतात टाकून घरी पळायची.

सड्यावरचा

@पाऊसमापक हे सोनं दिलंत. म्हणजे जूनमध्ये दरड, ऑक्टोबरात वीज. मधले चार महिने तो गावात घुम्यासारखा राहतो.

@तिरफळ बिजी येणार. कधी ते ठरवू.

तांडेल

माका एक सांगा, कोकणात पिक्चर करतास आणि दर्या खंय आसा? दोडामार्गात दर्या नाय. थंय हत्ती आसत.

पाऊसमापक

हत्ती २००२ साली कर्नाटकातून आले. सिनेमा १९९८चा आहे.

तांडेल

बरा बाबा, हत्ती कॅन्सल. तरी तेका वेंगुर्ल्याक आणा. रबराच्या बागेत पावसाळ्यात काम कमी, म्हणान काका तेका बंदरार धाडता. आता रापणीर उभो करा.

ज्यांका ठाऊक नाय तेंच्यासाठी: रापण म्हणजे मोठा जाळा. होडयेतसून दर्यात गोल टाकतत आणि किनाऱ्यार दोन्ही बाजूक माणसा दोर धरून वडतत. तीस-चाळीस माणसा लागतत, कधी जास्तय. तास-दोन तास वडूचा लागता. आणि मासळी गावली की सगळ्यांचो वाटो. होडयेचो वाटो, जाळ्याचो वाटो, वडणाऱ्यांचो वाटो. म्हातारो माणूस नुसतो दोराक हात लावन उभो रवलो तरी तेका टोपलीभर बांगडे गावतत. कोण काय बोलणा नाय.

आता ह्यो तुमचो मिन्नल येता आणि एकटोच रापण वडून काढता. धा मिनटात. सगळे टाळये वाजयतत. दुसऱ्या दिवशी परत वडता. तिसऱ्या दिवशी रापणीचो मालक म्हणता, मगे बाकीचे चाळीस कित्याक होये? तेंका वाटो कित्याक देवचो?

थंय खरो पिक्चर सुरू जाता.

तिरफळ

बापरे. अंगावर काटा आला.

कोकणकन्या_बर्थ३४

तांडेल, साष्टांग दंडवत. आजवर पाहिलेल्या कुठल्याही सुपरहिरो सिनेमात 'ताकदवान माणूस मदतीला आला म्हणून गरिबाची भाकरी गेली' हे पाहिलेलं नाही. ते लोक पूल पाडतात, मग वाईट वाटून घेतात. इथे त्याने काहीच पाडलेलं नाही. नुसता दोर ओढलाय.

सड्यावरचा

मी दोनदा वाचलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती वेंगुर्ल्याची आहे. म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला बांगडे मिळायचे बंद झाले की गाव त्या मद्राशाला जिवंत ठेवणार नाही." हा मध्यंतर. मध्यंतराला हिरो जिंकत नाही, हरतही नाही, पण किनाऱ्यावर त्याच्याशी बोलणारं कुणी उरत नाही. आणि हे त्याला समजावून सांगायला कुणाला मल्याळम येत नाही. त्याला वाटतं आपण चांगलं केलं.

आकडेबहाद्दर

छान चाललंय. माझी भर: क्लायमॅक्स वीज प्रकल्पात घ्या! वीज अंगात असलेला हिरो, विजेचा कारखाना. दाभोळ आहेच. १९९९ला सुरू झाला, म्हणजे काळही जुळतो. व्हिलन परदेशी कंपनीचा साहेब, सूट घातलेला.

वायरमनकाका

आकडेबहाद्दर, तुमचं टोपणनाव वाचूनच तुम्ही विजेच्या तारेवर काय करत असाल ते कळलं. बत्तीस वर्षं खांबावर चढलोय.

दाभोळ १९९९ला सुरू झाला आणि २००१ला बंद पडला. हिरोने काही करायच्या आधीच काम झालं की. शिवाय दाभोळ कुठे, दोडामार्ग कुठे! अख्खा रत्नागिरी जिल्हा ओलांडून जावं लागेल.

दुसरं म्हणजे वीज पडणे आणि घरातला करंट यांची सिनेमावाले खिचडी करतात. आकाशातली वीज सेकंदाच्या अगदी लहान भागात येऊन जाते. ती साठवून कुणी बल्ब लावत नाही. डीपीवर पडली तर फ्यूज, इन्सुलेटर, जवळच्या घरांतले टीव्ही, सगळं जातं. माणसावर थेट न पडता झाडावर पडली तरी जमिनीतून पसरते. दोन पायांत अंतर असेल तर एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. गुरं जास्त मरतात ती यामुळेच, पुढचे पाय आणि मागचे पाय लांब असतात ना. म्हणून उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसा. झाडाखाली जाऊ नका. हिरोला सांगू नका, प्रेक्षकांना सांगा.

पाऊसमापक

+१. आणि सडा हीच त्यासाठी बरोबर जागा. वर जांभ्याचं पठार, मैलभर झाड नाही. तिथे उभा असलेला माणूस हीच सगळ्यात उंच गोष्ट.

केवड्याचं_बन

सडा म्हटलात म्हणून! कातळशिल्पं!! राजापूर, रत्नागिरीकडच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं. हत्ती, मासे, माणसं. २०२२ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत. देवाचे गोठणेच्या सड्यावर एका शिल्पाजवळ होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, मी स्वतः मोबाईल धरून पाहिलंय, सुई भलतीकडे जाते. वीज त्या शिल्पावर पडते, रेषा पेटतात, प्राचीन शक्ती जागी होते आणि...

सड्यावरचा

केवडा, रागावू नका. टोपणनावच सड्यावरचा आहे, मला कातळशिल्पं प्रिय आहेत. पण 'प्राचीन शक्ती जागी होते' आलं की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी त्रिशूळ काढतं. या सिनेमात वीज पडायला कुणाची पुण्याई लागली नाही. शिंपी मधे आला, पडली.

होकायंत्राची गोष्ट मात्र ठेवू. हिरो पळायला लागला की वाटच सापडत नाही अशी एक गंमत करता येईल. पण तुमचं शिल्प राजापूर तालुक्यात आणि आपण वेंगुर्ल्यात, म्हणजे त्याला तिथवर पळवावं लागेल.

केवड्याचं_बन

पळू शकतो की. सुपरहिरो आहे. :(

मराठी_बाणा_नाही_पण

जरा कडू बोलतो. केरळच्या लोकांनी स्वतःच्या गावातून, स्वतःच्या चहाच्या टपरीतून हिरो काढला. आपण काय करतोय? त्यांचाच हिरो उचलून आपल्या गावात आणून सोडतोय. आपला का नाही? २०१५ला निखिल महाजनने 'बाजी' केला होता, श्रेयस तळपदेला घेऊन. किती जणांनी थिएटरात पाहिला? हात वर करा.

कोकणकन्या_बर्थ३४

मी. तिघे होतो थिएटरात, त्यातला एक डोअरकीपर.

तिरफळ

बाणासाहेब, मुद्दा रास्त आहे, पण हा धागा हिरो उसना घेण्याचा नाहीच. इथे हिरो पाहुणा आहे आणि गोष्ट गावाची आहे. रापण आपली, वाटा आपला, भांडण आपलं. शिवाय आपला माणूस अजून यायचाय. व्हिलन कोण?

दहीकाला

व्हिलनसाठीच आलो. माझ्या मते तो दशावतारी असावा.

दिवसा बंदरावर हमाली, रात्री जत्रेत राजा किंवा राक्षस. आमच्याकडे म्हणतातच, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. पहाटे दहीकाला होऊन खेळ संपतो, रंग पुसायचा, पेटी डोक्यावर घ्यायची आणि पुढच्या गावाला चालू लागायचं. आता विचार करा. रात्रभर ज्याच्या पायाशी गाव बसतं, त्याला सकाळी कुणी 'काय रे' याच्यापुढे बोलत नाही. हाच तुमचा शिबू की! फक्त केरळातल्या शिबूला कधीच कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. याला रोज रात्री वाजवतात, आणि म्हणूनच सकाळ जास्त झोंबते.

याचा भूतकाळही सांगतो. तो गिरणीतला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, हा गावी आला. त्याआधी दर महिन्याला मनीऑर्डर धाडायचा, तिच्यावर घराची कौलं चढली, भावाचं लग्न झालं. परत आला तेव्हा सातबाऱ्यावर याचं नाव नाही. भावाने गोड बोलून पडवीत जागा दिली. सोळा वर्षं पडवीतच.

वायरमनकाका

हा माणूस मी पाहिलाय. एकच नाही, चार-पाच पाहिलेत.

तांडेल

आमच्या वाडयेतय आसा. नाव सांगूचंय नाय.

कोकणकन्या_बर्थ३४

एक अडचण. 'दशावतार' नावाचा मराठी सिनेमा २०२५ला येऊन गेलाय, दिलीप प्रभावळकर होते त्यात, म्हातारे दशावतारी. लोक म्हणतील तेच उचललं.

दहीकाला

माहीत आहे, पाहिलाय. पण कोकणात दशावतार दाखवला म्हणून नक्कल, तर मग केरळात नारळ दाखवला तरी नक्कल. यात तो हिरो नाही, आणि त्याला वयही कमी हवं. पंचेचाळीसच्या आसपास.

सड्यावरचा

जोडून बघतो, चुकलं तर सांगा.

जून: दरड, जेसन गावात. काकाच्या बागेत पावसाने काम नाही, वेंगुर्ल्याला बंदरावर हमाली करतो, तिथे या दशावताऱ्याशी ओळख. दोघेही एकाच ओटीवर पाठ टेकणारे. दशावताऱ्याला गिरणीत असताना शेजारच्या खोलीत राहणाऱ्या केरळ्याकडून दहा-बारा मल्याळम शब्द आलेले. जेसनशी बोलणारा सबंध गावात हा एकटा. इथे पोट धरून हसायला लावणारे प्रसंग हवेत, कारण दहा शब्दांतले सहा शिव्या आहेत.

ऑगस्ट: पौर्णिमेला नारळ पडतो, समुद्र शांत होतो. रापण. जेसन दोर ओढतो. गाव फिरतं.

ऑक्टोबर: कापणी, दुपारची वीज, सड्यावर दोघेही. यावेळी दशावताऱ्याला ताकद येते.

नोव्हेंबरपासून जत्रा.

जेसनवर परत वीज पडल्यावर त्याच्या ताकदीचं काय होतं? दुप्पट होते की जाते?

पाऊसमापक

पुतण्याला विचारा.

सड्यावरचा

विचारलं. म्हणतो, "अर्धी अर्धी झाली." दहावीत आहे, वाटणीचा विषय घरात चालू आहे, कानावर पडतं.

तिरफळ

पुतण्याला लेखक म्हणून नाव द्या. ताकदीचा पण वाटा!

अवांतर: १९९८ आहे तर वाडीतली पोरं जेसनला 'शक्तिमान' म्हणणार. सप्टेंबर १९९७ला दूरदर्शनवर सुरू झाला होता, आमच्या अख्ख्या आवाटात एक टीव्ही, त्या एका घरात चाळीस पोरं. पहिल्या भागात भाचा त्याला परदेशी सुपरहिरोंची पुस्तकं दाखवतो ना, तसं इथे पोरं त्याला गोल गोल फिरायला सांगतात. तो बिचारा फिरतो.

रबरबाग

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. दोडामार्ग तालुक्यातला आहे. आमच्या शेजारी केरळी कुटुंबं आहेत, रबर आणि अननसाच्या बागा. सिनेमात काका दाखवणार असाल तर नीट दाखवा. हे लोक 'मद्रासी' म्हटल्यावर भांडत नाहीत, हसतात. आणि मग तुम्हाला कळतं की ते तुमच्यावर हसलेत.

रबराचं काम पहाटे असतं. अंधारात डोक्याला दिवा बांधून झाडाच्या सालीला सुरीने तिरपी काप द्यायची, खाली वाटी. ऊन चढलं की चीक थांबतो. म्हणजे काका आणि जेसन पहाटे तीनला उठून काम करणार, आणि त्याच वेळी पलीकडच्या देवळात दशावताराचा शेवटचा युद्धाचा प्रवेश चाललेला असणार. वाद्यांचा आवाज बागेत येतो. मी लहानपणी तो ऐकत झोपलोय. हा प्रसंग मोफत देतो.

आणि जेवणात एक भांडण घाला. ते माशाच्या आमटीत आंबटपणासाठी कुडंपुळी घालतात, आपण सोलं. दोघांनाही वाटतं समोरच्याचं चुकलं.

दहीकाला

'वाद्यांचा आवाज बागेत येतो' वरून शेवट सुचला, ऐका.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा काय ते पात्रांना आधी थोडक्यात सांगतात, संवाद रंगमंचावर ज्याचे त्याने उत्स्फूर्त बोलायचे. समोरचा चुकला तर त्याला सांभाळूनही घ्यायचं. आता: ताकद आल्यापासून रात्री कुणीतरी राक्षसाचा मुखवटा घालून भावकीतल्या एकेकाची घरं, होड्या फोडतोय. गावाला वाटतं मद्रासी. जत्रेच्या रात्री लोक त्याला शोधत येतात. तो पळतो तो थेट रंगमंचावर. मधोमध, मुखवट्यासकट. पाचशे माणसं समोर.

आणि दशावतारी, जो खरा राक्षस आहे, तो क्षणभर बघतो आणि संवाद सुरू करतो. त्याला पात्र बनवून टाकतो. दोघांचेही संवाद एकटाच बोलतो. गाव टाळ्या वाजवतं. खरी मारामारी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि कुणालाही ती खरी वाटत नाही.

मराठी_बाणा_नाही_पण

माझे कडू शब्द मागे घेतो.

तिरफळ

पण जेसनला कळतं कसं की मुखवट्याआड तोच मित्र आहे?

सड्यावरचा

हे मला सुचलंय, आणि आज दिवसभर ऑफिसात याच्यावरच खूष होतो.

जेसन शिंपी आहे. गावाने वाळीत टाकल्यावर त्याला काम देणारा एकटा दशावतारी, दशावतार कंपनीचे जुने अंगरखे दुरुस्त करायला. त्याने त्याचं माप घेतलेलं आहे. बारा वर्षं पोती वाहून उजवा खांदा खाली गेलेला, डावी बाही अर्धा इंच कमी लागते. घर फुटलेल्या रात्री चंद्राच्या उजेडात तो राक्षस पाठमोरा दिसतो, खांदा बघतो, आणि जेसनला कळतं. कुणाला सांगणार? आणि कुठल्या भाषेत? ज्याच्याशी बोलता येतं तो तर हाच.

कोकणकन्या_बर्थ३४

आमचे आजोबा शिंपी. रस्त्यात माणूस पाठमोरा दिसला तरी नाव सांगायचे. 'कॉलर चौदा' म्हणून हाक मारायचे एकाला. शंभर टक्के पटलं.

तांडेल

आता बिजी खंय?

तिरफळ

बरोबर! विसरले होते. मारामारी होऊ द्या, ती मधे पडणार नाही. ती प्रेक्षकांत बसलेली असते, सकाळच्या गाडीने आलेली, पासपोर्टाची दुसरी प्रत घेऊन. सबंध जत्रेत मारामारी बनावट नाही हे फक्त तिला कळतं, कारण मारायचं कसं हे तिला माहीत आहे. ती उठून उभी राहते, आणि मागची बाई म्हणते, "गो बाय, खाली बस, दिसणा नाय."

दहीकाला

हाहाहा. खेळ संपला यावर.

आकडेबहाद्दर

आणि मारतो कोण कुणाला? पहिल्या भागात शिबू मरतो.

सड्यावरचा

इथे अडलोय. पुतण्या म्हणतो मारायचा नाही. बायको म्हणते दहीकाल्यानंतर दोघांनी मिळून पेटी उचलावी आणि पुढच्या गावाला जावं. मला वाटतं दशावतारी रंगमंचावर राक्षस म्हणून मरतो, नेहमीसारखा, कारण आख्यानात राक्षसाने मरायचंच असतं. गाव टाळ्या वाजवतं. तो उठतो की नाही हे पडदा पडण्याआधी दाखवायचं नाही.

तांडेल

उठूक होयो. पाटे रापणीर माणसा कमी आसत.

वायरमनकाका

सगळं वाचलं. एकच सांगणं. जत्रेत लाईट गेली असं दाखवणार असाल, आणि दाखवालच, तर पेट्रोमॅक्स लावा. पण ती एकदा पेटवून सोडून द्यायची नसते. दर थोड्या वेळाने पंप मारावा लागतो, नाहीतर उजेड पिवळा पडत जातो. मारामारी चालू असताना कोपऱ्यात एक पोरगा बसलेला दाखवा, युद्धाकडे बघत बघत पंप मारायला विसरणारा, आणि मग कुणीतरी टपली मारल्यावर आठवणारा. चौथीत असल्यापासून पाच वर्षं ते काम माझ्याकडे होतं. एकही युद्ध मी धड पूर्ण बघितलेलं नाही.